एक जुलैला जन्मलेली माणसं: अठ्ठावन्न, साठ आणि आमचं वाशीम

मागच्या भागानंतर काही जणांनी सांगितलं की ऐकायला वेळ मिळत नाही, पण लिहिलेलं वाचतो. म्हणून हा भाग बोललो तसाच इथे टाकतोय, फक्त मधले "म्हणजे कसं आहे ना" तेवढे काढून टाकलेत.

आज एका तारखेपासून सुरुवात करू. १ जुलै.

माझ्या मामांची जन्मतारीख १ जुलै १९६७. कागदावरची. आजी जिवंत होती तोवर ती सांगायची की हा झाला पोळ्याच्या करीला, आदल्या दिवशी बैल सजवून हात दुखत होते माझे. म्हणजे ऑगस्ट नाहीतर सप्टेंबर. मग १ जुलै कुठून आला? तर शाळेतून. आजोबा मामांना घेऊन शाळेत गेले, गुरुजींनी विचारलं जन्म कधीचा, आजोबा म्हणाले पावसाळ्यातला. गुरुजींनी रजिस्टरमध्ये १ जुलै टाकला. आमच्या वऱ्हाडात शाळेचं वर्ष जूनच्या शेवटाला, जुलैच्या तोंडाशी सुरू व्हायचं, म्हणून आमच्याकडे १ जुलै. पश्चिम महाराष्ट्रात शाळा आधी उघडते, म्हणून तिकडे १ जून. तुमच्या घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांची आधार कार्डं एकदा काढून बघा. निम्मं घराणं एकाच दिवशी जन्मलेलं सापडेल.

हे गंमतीचं वाटतं, पण सरकारी नोकरीत ही तारीख म्हणजे सगळं काही. नियम असा आहे की ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस घरी जातो. पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून १ जूनवाले ३१ मेला जातात आणि १ जुलैवाले ३० जूनला. दरवर्षी त्या दोन दिवशी राज्यभरात शाल, श्रीफळ आणि गुच्छांचा जो खप होतो, त्याचं मूळ पन्नासेक वर्षांपूर्वीच्या गुरुजींच्या टाकात आहे.

आणि ३० जूनवाल्यांची आणखी एक गोची. सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढीची तारीख सगळ्यांना एकच झाली, १ जुलै. वर्षभर काम केलं, वाढ मिळायची १ जुलैला, आणि माणूस ३० जूनला संध्याकाळी निवृत्त. एका रात्रीने वेतनवाढ हुकली, आणि पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते म्हणून ती तूट मरेपर्यंत चालू. यावर देशभर खटले झाले. शेवटी ११ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या वीज कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की वाढ ही आधीच्या वर्षभराच्या कामाची असते, दुसऱ्या दिवशी माणूस नोकरीत आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. महाराष्ट्रातही नंतर ती काल्पनिक वेतनवाढ धरायला सुरुवात झाली.

आता मजा ऐका. आमच्या वाशीम जिल्ह्याचा जन्म कधीचा? १ जुलै १९९८. हे मात्र खरंच, कुणा गुरुजींनी टाकलेलं नाही. खरं तर पुनर्जन्म म्हणा. इंग्रजांच्या काळात 'बासीम' नावाचा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार केले तेव्हा तो मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. त्र्याण्णव वर्षांनी परत वेगळं झालं. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके.

मामा तेव्हा एकतीस वर्षांचे, एका सरकारी ऑफिसात कनिष्ठ लिपिक. अकोल्याहून आलेल्या गठ्ठ्यांतून वाशीमचे कागद वेगळे करणं हे त्यांचं त्या वर्षीचं काम. कोणता गठ्ठा कोणत्या कपाटात गेला हे त्यांना तेव्हापासून पाठ आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

१९९८ हे साल आजच्या विषयासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे पोखरणचे स्फोट झाले त्याच आठवड्यात, केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. पाचव्या वेतन आयोगाची तशी शिफारस होती. बातमी स्फोटांच्या धुराळ्यात दबली. पुढे बऱ्याच राज्यांनी केंद्राचा कित्ता गिरवला. महाराष्ट्राने गिरवला नाही. म्हणजे वाशीम जिल्हा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षापासून त्या गावात दोन प्रकारची माणसं राहतात. रेल्वे स्टेशनातला बाबू साठाव्या वर्षी म्हातारा होतो, पोस्टातला साठाव्या, स्टेट बँकेतला साठाव्या, आणि तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा कलेक्टर ऑफिसातला बाबू अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याच ऑफिसातला शिपाई मात्र साठाव्या. हो, शिपाई साठ. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत तसंच आहे. वर्ग चार ६०, बाकीचे ५८. का, ते पुढे सांगतो.

तर हे आकडे आले कुठून?

सुरुवात करू जिथे आकडाच नव्हता तिथून. वऱ्हाडात पाटीलकी, पटवारीपण, देशमुखी हे सगळं वतन. वतनाला निवृत्ती नसते. माणूस मरतो, काम मुलाकडे जातं. वतनदार फारच थकला, किंवा अज्ञान असला, तर त्याच्या नावाने गुमास्ता लिहायचा. म्हातारा झालेला पाटील ही अडचण नव्हती, उलट गावात म्हातारा पाटीलच खरा पाटील मानायचे. त्याला शिवा माहीत, बांध माहीत, कुणाची विहीर कुणाच्या आज्याने खणली ते माहीत. तरुणांनी वाट बघायची, ते वयाची नाही तर बापाच्या मरणाची. या पद्धतीचं गोडवं गायचं काही कारण नाही, कारण ज्याचा बाप पाटील नव्हता त्याने जन्मभर वाट बघितली तरी काही उपयोग नव्हता. पण एक लक्षात घ्या, 'काम' आणि 'वय' यांची गाठ तेव्हा मारलेलीच नव्हती.

ती मारली पगारी नोकरशाहीने. इंग्लंडमध्ये १८५९ च्या कायद्याने सरकारी नोकराला साठाव्या वर्षी पेन्शनवर जाता येऊ लागलं. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन आणली. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की त्याने ६५ वय ठरवलं. चूक आहे. त्याने ७० ठरवलं होतं, ६५ झालं ते १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात. आपल्याकडे इंग्रजांनी ठेवलं ५५. हिंदुस्थानच्या हवेत माणूस लवकर झिजतो ही त्यांची पक्की समजूत होती, आणि मुख्यतः ती स्वतःच्या साहेब लोकांकडे बघून झालेली होती. पंचावन्नाव्या वर्षी बोटीत बसायचं आणि इंग्लंडातल्या कुठल्या तरी गावात गुलाब लावायचे. १९२२ च्या फंडामेंटल रूल्समध्ये हे नियम ५६ म्हणून पक्कं झालं. आमच्या धंद्यात दहा वर्षं जुना कोड दिसला की आम्ही नाक मुरडतो. केंद्र सरकारच्या नियमावलीत निवृत्तीचा नियम आज शंभर वर्षांनंतरही ५६ नंबरचाच आहे, फक्त आतला आकडा बदलत गेला.

आणि शिपाई? त्या काळच्या भाषेत ती 'हलकी' सेवा. पेन्शन तुटपुंजी, म्हणून त्यांना साठपर्यंत राहू द्यायचं अशी सोय. म्हणजे हवेने साहेब पंचावन्नाला झिजतो, पण दिवसभर फायली वाहणारा शिपाई साठपर्यंत झिजत नाही! हा भेद स्वातंत्र्यानंतरही तसाच उचलला आणि आजही वाशीमच्या ऑफिसात चालू आहे. झिजणं हे कारण कधी नव्हतंच, हे सांगायला मला तरी यापेक्षा दुसरा पुरावा लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण मीही आधी तसंच समजत होतो. स्वातंत्र्याच्या आसपास आपलं सरासरी आयुर्मान ३२ च्या घरात होतं. त्यावरून लोक म्हणतात, तेव्हा पंचावन्न म्हणजे बोनस आयुष्य. तसं नाही. ती सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली होती. जो माणूस शाळा शिकून, नोकरीला लागून पंचावन्नला पोचला, तो तेव्हाही पुढे बरीच वर्षं जगायचा. फरक एवढाच की असे पोचणारे कमी होते. आज आयुर्मान सत्तरच्या आसपास आहे आणि पोचणारे प्रचंड आहेत.

५५ चे ५८ केंद्राने केले १९६२ च्या शेवटी, चीन युद्धाच्या धामधुमीत. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुलकी पाटलांचं पद संपवण्याचा कायदा केला. म्हणजे ज्या वर्षी वय नसलेलं जुनं काम संपलं, त्याच वर्षी वय असलेलं काम तीन वर्षांनी लांबलं. काही राज्यं पुढे गेली, काही मागे आली. उत्तर प्रदेशाने तर १९५७ मध्ये ५८ केलं आणि १९६१ मध्ये परत ५५. लोक कोर्टात गेले, हरले.

पण खरा धडा आंध्राचा. यावर थोडा थांबतो.

९ जानेवारी १९८३. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री झाले. पडद्यावरचा देव, नवा पक्ष, प्रचंड बहुमत. महिन्याभरात, ८ फेब्रुवारीला, आदेश निघाला की निवृत्तीचं वय ५८ वरून ५५. अंमल २८ फेब्रुवारीपासून. कारण दिलं बेकार तरुणांचं. वीस दिवसांची मुदत. त्या एका तारखेला १८ हजारांच्या वर सरकारी कर्मचारी आणि सुमारे १० हजार सार्वजनिक उपक्रमांतले लोक घरी बसले. कल्पना करा. मुलीचं लग्न अजून दोन वर्षांनी धरलेलं, घराचं कर्ज पाच वर्षं बाकी, आणि कॅलेंडरचं पान उलटलं की नोकरी संपली. आणि हा आदेश काढणाऱ्या मुख्यमंत्र्यांचं वय? ५९.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. के. नागराज विरुद्ध आंध्र प्रदेश. निकाल लागला जानेवारी १९८५ मध्ये, लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. आपले पुण्याचे. निकालाचा सारांश असा की निवृत्तीचं वय ठरवणं हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे, त्यात वरच्या लोकांचा अनुभव आणि खाली ताटकळणाऱ्या तरुणांच्या संधी या दोन्हींचा तोल सरकारने सांभाळायचा असतो, आणि ५५ हे वय काही मनमानी म्हणता येत नाही. सरकार जिंकलं. न्यायमूर्तींचं स्वतःचं वय त्या वेळी ६४ होतं. घटनेने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना ६५ दिलंय, ते त्याच वर्षी जुलैत निवृत्त झाले. मी त्यांच्यावर टीका म्हणून हे सांगत नाही. निकाल कायद्याच्या दृष्टीने मला पटतो. पण ५९ वर्षांच्या माणसाने काढलेला आणि ६४ वर्षांच्या माणसाने योग्य ठरवलेला आदेश, की ५५ व्या वर्षी माणसाने घरी जावं, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

आणि निकाल लागला तोवर आंध्राचं राजकारण पालटून सरकारने वय परत ५८ केलेलं होतं! मग मधल्या काळात ज्यांना काढलं त्यांचं काय, म्हणून दुसरा खटला, आणि त्यात १९८५ मध्येच न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी त्या लोकांच्या बाजूने निकाल दिला. माणसं गेली, परत आली. तोवर त्यांच्या खुर्च्यांवर बढत्या झालेल्या. एका आकड्याने राज्यभरातली ज्येष्ठता यादी दोनदा उलटीपालटी झाली.

आता आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्रात राजपत्रित अधिकारी महासंघ आणि बाकी संघटना अनेक वर्षं मागणी करतायत की ५८ चं ६० करा, केंद्राप्रमाणे. त्यासाठी बी. सी. खटुआ समिती बसली. पाच दिवसांचा आठवडा हीसुद्धा त्यांची मागणी होती, तो २०२० च्या फेब्रुवारीअखेर मिळाला. साठ वर्षं मात्र लटकलेलीच.

का लटकली, हे मला मामांच्या घरातल्या जेवणाच्या ताटावर समजलं. मामांचा मुलगा माझ्याच वयाचा, एकोणतीस. पुण्यात तीन वर्षं काढली, आता वाशीमला अभ्यासिकेत बसतो. २०२३ च्या तलाठी भरतीला बसला होता. आमच्याकडे अजून पटवारीच म्हणतात त्याला. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एक दिवस टीव्हीवर साठची बातमी आली. मामा म्हणाले, "होऊन जाऊ दे ना बापा आता." आणि मुलगा ताटावरून उठून गेला. मामी मला म्हणाली, "हे असंच चालते रे आमच्या घरी. एकाची दिवाळी ते दुसऱ्याचं सुतक."

त्याचा हिशेब साधा आहे. वय दोन वर्षांनी वाढलं तर दोन वर्षं जवळपास कुणीच निवृत्त होत नाही. जागा सुटत नाहीत, वरच्या बढत्या अडतात, आणि सरकारला मात्र दोन वर्षं ग्रॅच्युइटी आणि ३०० दिवसांच्या रजेचे पैसे द्यावे लागत नाहीत. हे शेवटचं कारण भाषणात कुणी सांगत नाही. आणि हा मुलगा दर वर्षी वयोमर्यादेकडे सरकतोय.

मामांचाही हिशेब चुकीचा नाही. ते म्हणतात, जागा सुटल्या तर भरतात तरी का? खरं आहे. राज्यात मंजूर पदांपैकी दोन लाखांच्या वर रिकामी होती, आणि ती सगळी ५८ चा नियम चालू असतानाच रिकामी झाली. माणूस ३० जूनला जातो, त्याचं टेबल शेजारच्याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून मिळतं, आणि तो कार्यभार पाच वर्षं अतिरिक्तच राहतो. म्हातारा उठला की तरुण बसतो, हे गणित खुर्ची एकच असेल आणि कुणी ती बाजूला सरकवणार नसेल तरच जमतं.

एक आणखी गोष्ट. २०१६ मध्ये राज्याने नोकरीत शिरायची वयोमर्यादा वाढवली. खुल्या गटाला ३३ ची ३८ आणि मागासवर्गीयांना ३८ ची ४३. भरती वेळेवर होत नव्हती, मुलांची वयं निघून जात होती, म्हणून. चांगलं केलं. पण यातून जो माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी लागेल तो पंधरा वर्षांत निवृत्त. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनही नव्हती. मार्च २०२३ चा संप आठवतो? १४ तारखेला सुरू झाला, सात दिवस चालला. "एकच मिशन, जुनी पेन्शन". गारपीट झालेली आणि पंचनामे अडकलेले. नेमक्या त्याच महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग होते, कारण तिथलं सरकार निवृत्तीचं वय ६२ चं ६४ करत होतं आणि लोक म्हणत होते, आम्हाला लवकर घरी जाऊ द्या. आमच्याकडे कर्मचारी म्हणतात उशिरा पाठवा, आणि दाराबाहेर बसलेले म्हणतात आत्ता पाठवा. फ्रान्समध्ये भांडण कामगार आणि सरकार यांच्यात होतं. आमच्याकडे ते बाप आणि मुलगा यांच्यात लावून दिलंय.

त्याच वर्षी जुलैमध्ये मात्र एक आदेश निघाला, ज्याने माझं डोकं खरंच फिरलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक कमी, भरती पूर्ण व्हायची आहे, तोवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटावर घ्या. महिना २० हजार. वयाची मर्यादा ७०. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी जो माणूस नियमाने म्हातारा झाला, तोच एकोणसत्तराव्या वर्षी चालतो, फक्त पगार काही पटींनी कमी पाहिजे. डीएड, बीएड झालेली मुलं चिडली, चिडणारच. निवृत्तीचं वय शरीराबद्दल असतं ही माझी उरलीसुरली समजूत त्या दिवशी गेली.

आता नियम बाजूला ठेवून वागणुकीबद्दल बोलू, कारण आकड्यापेक्षा माणसाला तीच जास्त लागते.

सरकारी नियमांत पन्नास हे फार विचित्र वय आहे. एकीकडे, पन्नास पूर्ण झाली की संगणकाच्या परीक्षेतून सूट. एमएस-सीआयटी आठवतं ना? २००७ च्या डिसेंबरअखेर पास न झालेल्यांच्या वेतनवाढी अडकल्या होत्या, कितीतरी गुरुजींनी त्या भीतीने माऊस पहिल्यांदा हातात धरला. पण पन्नाशीच्या पुढच्यांना माफ. वरून बघितलं तर हा मान आहे, 'राहू द्या काका, तुमचं वय झालं'. आणि दुसरीकडे, त्याच पन्नास-पंचावन्नच्या टप्प्यावर सेवा पुनर्विलोकन. पस्तिशीच्या आत नोकरीला लागलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याची पन्नासला फाईल निघते, बाकीच्यांची पंचावन्नला. गोपनीय अहवाल, तब्येत, सचोटी बघतात आणि नको असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन घरी पाठवता येतं. कोर्टाच्या निकालांत यासाठी शब्द आहे 'डेडवुड'. वाळकं लाकूड. म्हणजे ज्या वयाला सरकार सांगतं की आता तू नवं शिकला नाहीस तरी चालेल, त्याच वयाच्या आसपास सरकार विचारतं की तू वाळला तर नाहीस?

मामांनी सूट घेतली नव्हती. ते एमएस-सीआयटी चाळिशीत पास झाले, पंच्याहत्तर टक्क्यांनी, सर्टिफिकेट अजून फ्रेममध्ये आहे. पण शेवटची चार वर्षं त्यांना कुणी नवीन पोर्टलच्या प्रशिक्षणाला पाठवलं नाही. "काका, तुमचे राह्यले किती दिवस, तुम्ही कशाला त्रास घेता?" नवीन लागलेला मुलगा प्रेमाने म्हणायचा. लॉगिन त्याच्या नावाचं. मग हळूहळू मामांच्या टेबलावर फक्त जुने गठ्ठे आले, आणि मग साहेब म्हणायला लागले की काकांना फक्त जुनंच येतं. मी त्या नव्या मुलाला दोष देत नाही. मीही माझ्या टीममधल्या पंचेचाळिशीच्या सरांशी असाच वागलोय. मीटिंगला बोलावलं नाही, वाटलं त्यांना रस नसेल. विचारलं नाही.

आमच्या धंद्यात या वागण्याची किंमत एकदा जगाने बघितली आहे. एप्रिल २०२०, कोविड. अमेरिकेत बेकारी भत्त्याचे अर्ज धो-धो यायला लागले आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे सांगावं लागलं की आमच्या यंत्रणा चाळीस वर्षं जुन्या कोबोल भाषेतल्या आहेत, ती येणारे स्वयंसेवक हवेत. कोबोलवाले तोवर नातवंडं खेळवत होते. आपल्याकडे २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा ऑफिसा-ऑफिसांत एकच हाक, मोडी वाचणारं कुणी आहे का? गठ्ठे होते. वाचणारी पिढी गेलेली होती, आणि जाताना तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

बदल्यांच्या नियमात सरकारने जरा विचार केलाय हे मान्य करायला पाहिजे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या ऑनलाईन बदल्यांत त्रेपन्न वर्षांच्या पुढच्यांना विशेष संवर्गात धरतात, म्हणजे मानोऱ्याच्या टोकाच्या तांड्यावरची शाळा त्यांच्यावर लादली जात नाही. पण ती सवलतसुद्धा 'कुठे पाठवू नये' एवढीच. 'काय काम द्यावं' याचा नियम मला शोधूनही सापडला नाही. पन्नाशीनंतरच्या माणसाने नव्या मुलांना शिकवावं, फायलींचा इतिहास लिहून ठेवावा, असं कुणाच्या जबाबदारीच्या यादीत नसतं. मग तो शेवटची पाच वर्षं करतो काय? सेवापुस्तक पूर्ण करून घेतो. पेन्शनचे कागद, जीपीएफची पडताळणी, कुठल्या वर्षीची नोंद राहिली ती. तीस वर्षं दुसऱ्यांची फाईल चालवलेला माणूस स्वतःच्या फाईलमागे दुसऱ्यांच्या टेबलांवर हिंडतो.

३० जून २०२५ ला मामा निवृत्त झाले. सेवापूर्तीचा कार्यक्रम दुपारी तीनला होता, पाऊस होता. मी पुण्याहून गेलो होतो. चार भाषणं झाली, चारही भाषणांत 'अजातशत्रू' शब्द आला. मामा बोलायला उठले आणि दोन वाक्यांत बसले. म्हणाले, "माझा वाढदिवस आज नाही, उद्या नाही. पण आता काय." लोक हसले. घरी येताना त्यांनी गाडीत मला विचारलं, "काय रे, अठ्ठावन्न म्हंजे काय म्हातारा झालो काय मी?" मागच्या सीटवर त्यांचा मुलगा बसला होता. तो खिडकीबाहेर बघत होता.

नवव्या दिवशी ऑफिसातून फोन आला. कोर्टात एक जमिनीचं प्रकरण निघालं होतं, १९९८ मध्ये अकोल्याहून आलेला कागद हवा होता. तोच नवीन मुलगा फोनवर. मामांनी डोळे मिटून सांगितलं, मागच्या खोलीत, खिडकीजवळचं हिरवं कपाट, खालून दुसरा कप्पा, लाल फडकं. सापडलं. मग त्यांनी मुलाला हाक मारली, एक वही आणायला लावली, आणि कोणत्या कपाटात काय आहे ते सांगायला सुरुवात केली. पोरगं लिहून घेतंय. पहिल्या दिवशी सात पानं झाली. वही कुणाला द्यायची ते अजून ठरलेलं नाही, कारण त्या टेबलावर अजून कुणी आलेलं नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात १ जून, १ जुलैवाले किती आहेत आणि त्यांचा खरा जन्म कधीचा सांगतात, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.